कॅनॉलनं ये की!

हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर, नळाच्या बाजूच्या कोपऱ्यात, मडगार्डाला तार बांधलेली एक निळी सायकल पुष्कळांनी पाहिली असेल. ती माझी. पासआउट होऊन गेलेल्या एका सीनियरकडून १८०० रुपयांना घेतली. सोबत एक पाना आणि फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीच्या नोट्स फुकट मिळाल्या. नोट्स कधी उघडल्या नाहीत, पाना मात्र फार कामाला आला.

जून २०२४ मध्ये, सातव्या सेमिस्टरला, मला इंटर्नशिप लागली. बाकीची मंडळी हिंजवडी-खराडीला कंपनीच्या एसी बसमधून गेली, मला मिळालं शिवणे. शिवाजीनगरहून डेक्कन, तिथून कर्वे रस्ता, कर्वे पुतळा, कर्वेनगर, वारजे आणि मग एनडीए रस्ता. अकरा-बारा किलोमीटर. तिथे जिग्ज-फिक्स्चर्स बनवणारं एक छोटं वर्कशॉप. माणसं पंधरा, व्हीएमसी दोन आणि एक म्हातारं लेथ. स्टायपेंड आठ हजार, पाळी सकाळी आठची. आठ दहानंतर आत आलं की अर्धा दिवस कट.

बसनं का गेला नाहीस, असं विचाराल. गेलो ना. पहिले दहा दिवस बसनंच गेलो. दोन बसा बदलायच्या, आणि दुसरी कधी येईल ते तिचं तिलाच माहीत. दहा दिवसांत तीन अर्धे दिवस गेले. मेट्रोचंही पाहिलं. सिव्हिल कोर्टहून वनाझपर्यंत अगदी झोकात जाता येतं, पण वनाझ ते शिवणे हा प्रश्न उरतोच. शेवटी एका रात्री पाना काढला, सायकलचे ब्रेक आवळले आणि चेनला तेल सोडलं.

आता कर्वे रस्ता. ज्या महर्षी कर्व्यांच्या नावाचा हा रस्ता, ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून हिंगण्याच्या आश्रमात पायी जायचे. हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर. त्यांच्या वेळी तिथे झाडी आणि चिखल असणार. आमच्या वेळी चिखल तेवढा शिल्लक आहे. सकाळी सव्वासातला नळ स्टॉपला पोचलं की दोन पर्याय. २०२२ मध्ये झालेल्या दुमजली पुलावरून गेलात तर चढ, खालून गेलात तर सिग्नल आणि डावीकडून अंगावर येणारी बस. पुढे कर्वेनगरच्या पुलालाही तोच खेळ. आणि सायकलवाल्याची जागा कुठली, तर डांबर संपून ब्लॉक सुरू होतात ती एक वीतभर पट्टी. तिच्यातच चेंबरची झाकणं, तिच्यातच रिक्षा, तिच्यातच दूध घेऊन उलट येणारे काका. वर्कशॉपला पोचायचो तेव्हा शर्ट पिळून काढावा असा झालेला असायचा आणि पहिला अर्धा तास व्हर्नियर धरताना हात थरथरायचा. एकदा त्या थरथरीत रीडिंग चुकलं आणि एक चांगली प्लेट स्क्रॅपमध्ये गेली. सुपरवायझर काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी शहाणपणा केला आणि नदीचा रस्ता शोधला. डेक्कनला भिडे पुलापाशी खाली उतरायचं, नदीपात्रातल्या रस्त्यानं म्हात्रे पुलापर्यंत जायचं, पुढे लग्नाच्या लॉन्सचा डीपी रस्ता, राजाराम पूल, आणि मग वर कर्वेनगरात. काय सांगू! एका बाजूला नदी (वास आहे, पण नदी आहे), बगळे, पहाटे क्रिकेट खेळणारी पोरं. सिग्नल जवळजवळ नाहीतच. फक्त शेवटी, नदी सोडून वर चढताना, सगळी वसुली एकदम व्हायची. तरी मी खूश होतो. मेसमध्ये तीन आठवडे मी याच रस्त्याबद्दल बोलत होतो, असं रूममेट म्हणतो. तो सिव्हिलचा आहे. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पावसाळ्यात काय करणार?" मी म्हटलं होतं, "पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू."

पावसाळ्यात बघितलं. २४-२५ जुलै २०२४ ची रात्र पुण्यात कोणी विसरणार नाही. पाऊस थांबेना, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलेलं. डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन माणसं गेली. ती वाडी नदीकाठचीच, मी रोज जायचो त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. पाणी ओसरल्यावर मी एकदा खाली उतरून पाहिलं. रस्त्यावर वीतभर गाळ होता आणि कठड्याला कुणाचं तरी अंथरूण अडकलेलं होतं. तीन आठवडे मी ज्याला 'माझा शॉर्टकट' म्हणत होतो, तो नदीचा होता. मला नंतर तिथून जावंसं वाटलं नाही.

परत कर्वे रस्ता. चारच दिवसांनी, रिपरिप पाऊस चालू असताना, खणून नुसत्या खडीनं बुजवलेल्या एका चरात माझं पुढचं चाक गेलं. त्याच क्षणी उजवीकडून बस घासून येत होती म्हणून मी ब्रेक दाबला, तोही पुढचा. यापुढचं डायनॅमिक्स आपल्या वाचकांना सांगायला नको. पडलो तो डावीकडे. उजवीकडे पडलो असतो तर हा लेख कोणी वेगळ्यानं, वेगळ्या पानावर लिहिला असता. कोपराला तीन टाके. घरी सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो.

पण आपल्या हॉस्टेलात बातमी दाबणं कुणाला जमलंय? दोन दिवसांत अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे माझे वडील. गावाकडं आमची पिठाची गिरणी आहे. अण्णा रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "पतसंस्थेत अर्ज टाकलाय. गणपतीला आलास की सही कर. सेकंडहँड स्कूटर घे पस्तीसेक हजारापर्यंत."

"आणि मोटार?"

"मोटार चालतीय अजून. दिवाळीनंतर बघू."

ती मोटार मला माहीत आहे. दहा एचपीची, दोनदा रिवाइंड झालेली, तासभर चालली की हात लावून बघावं लागतं. अण्णा तिच्यावर ओलं पोतं टाकतात. ओलं पोतं आणि थ्री फेज! मी इंजिनिअरिंगला आलो तेव्हापासून दर सुट्टीत त्यावरून आमचं भांडण होतं आणि दर सुट्टीत मी हरतो. यंदा त्या मोटारीसाठी साठवलेले पैसे माझ्या स्कूटरच्या हप्त्यांकडे वळणार होते. मी म्हटलं, "गणपतीपर्यंत थांबा. तोवर दुसरा रस्ता शोधतो." अण्णा म्हणाले, "पुण्यात दुसरा रस्ता असता तर लोकांनी ठेवला असता का मोकळा?"

ऑगस्ट उजाडला होता. गणपती ७ सप्टेंबरला.

वर्कशॉपमध्ये एक फिटरकाका होते. रिटायर व्हायला आलेले, गुडघ्याला पट्टा, बोलणं कमी. त्यांनी माझं बँडेज बघितलं आणि चहाच्या वेळी विचारलं, "कुठनं येतोस?"

"कर्वे रोडनं."

"कॅनॉलनं ये की."

"कुठला कॅनॉल?"

"रोज वलांडून येतोस त्यो." मग माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "तू सिव्हिलचा न्हाईस ना?"

"नाही, मेकॅनिकल."

"मग बरोबर हाय," म्हणून कप विसळायला गेले.

त्या रात्री रूममेटला विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर, चार वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या ब्रँचचा प्रश्न विचारल्याचा आनंद पसरला. त्यानं सांगितलं ते असं. खडकवासल्याचं मूळ धरण १८७९ चं. त्याचे कालवे दोन. उजवा अजून वाहतो. पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेटवरून हडपसरकडे आणि पुढे थेट दौंड-इंदापूरला जातो. २०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ फुटून घराघरांत पाणी शिरलं होतं, तो हाच. आणि डावा कालवा नदीच्या आपल्या बाजूनं, कर्वेनगर-एरंडवण्यावरून यायचा. तो बंद पडला, शहर वाढलं, जागोजाग बुजवून त्याचे रस्ते झाले. "प्रभात रोडच्या वर कॅनॉल रोड म्हणतात ना, तो काय उगाच म्हणतात?" मी चार वर्षं तिथे चहाला जात होतो. मला खरंच ते उगाच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हे लॅबमध्ये गेलो. लॅबच्या मामांनी "चहाचा डाग पडला तर बघा" या अटीवर टोपोशीट टेबलावर पसरू दिली. तपकिरी कंटूर रेषा, दोन रेषांमध्ये २० मीटर. आणि त्यांच्यामधून एक बारीक निळी रेषा. कंटूर वळली की तीही वळते, टेकडी आत गेली की आत, बाहेर आली की बाहेर, पण कंटूर ओलांडायचं नाव नाही. रूममेट म्हणाला, "कालव्याला पंप नसतो. पाणी स्वतःच्या वजनानं जायला पाहिजे आणि काठ धुपून जाईल इतकं जोरातही नको. म्हणून किलोमीटरला हातभरसुद्धा उतार देत नाहीत. डंपी लेव्हल घेऊन माणसं टेकडीच्या कडेकडेनं फिरली असतील तेव्हा." मग जरा थांबून म्हणाला, "तुझा सगळा सर्व्हे दीडशे वर्षांपूर्वीच झालाय, गाढवा."

मी तरी वाद घातला. माझं म्हणणं, मला दमवतात ते सिग्नल, चढ नव्हे. त्यानं जर्नलचं मागचं पान फाडलं. मी ६२ किलो, सायकल १८, एकूण ८०. वेग ताशी १५ किलोमीटर. सपाटीवर टायरचं घर्षण आणि वारा मिळून साधारण साडेबारा न्यूटन. एकदा थांबून परत तो वेग घ्यायला लागतात ७०० ज्यूल, म्हणजे सपाटीवरचे फक्त पंचावन्न मीटर. आणि दहा मीटर चढायला? ७८०० ज्यूलच्या वर. म्हणजे सपाटीवरचे सहाशे मीटर! दहा सिग्नल एका बाजूला आणि पुलाचे, खळग्यांचे चढ-उतार दुसऱ्या बाजूला, तर चढच भारी. शिवाय उतारावर जे परत मिळायचं ते मी पुढच्या सिग्नलला ब्रेकच्या रबरात जाळत होतो. सिग्नल वेळ खात होते, दम चढ काढत होता. इतके दिवस मी भलत्यालाच शिव्या देत होतो.

(गणितात नेहमीप्रमाणे बरंच गृहीत धरलंय. फ्लुइड्सच्या सरांनी हे वाचलं तर ड्रॅग कोइफिशंट विचारू नये ही नम्र विनंती.)

रविवारी दोघं शोधायला निघालो, तो कुणाकडून तरी मागून आणलेल्या सायकलवर. प्रभात रस्त्यानं हळूहळू वर चढलो. एवढाच काय तो चढ. वर गेल्यावर कॅनॉल रस्ता. एका बाजूला टेकडीचा पायथा, जुने बंगले, बदामाची आणि आंब्याची झाडं, आणि रस्ता असा सपाट की पायडल मारणं थांबवलं तरी सायकल थांबायचं विसरते. रस्ता कुठेच सरळ नाही, टेकडीसारखा वळत जातो. ते वळण बघितलं आणि टोपोशीटवरची निळी रेषा डोळ्यांसमोर आली. मला वाटतं, चार वर्षांत एखादी आकृती अशी अंगात शिरल्याचा माझा हा पहिलाच अनुभव.

आणि मग कालवा हरवला.

लॉ कॉलेज रस्त्याच्या पलीकडे त्याचा माग लागेना. एका ठिकाणी सोसायटीची भिंत, एका ठिकाणी पार्किंग. आम्ही गल्ल्यांमधून तीन वेळा त्याच इस्त्रीवाल्यापाशी आलो. तिसऱ्या वेळी तो हसून म्हणाला, "काय हरवलंय?" रूममेट म्हणाला, "कॅनॉल." इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली आणि म्हणाला, "ते आमच्याही आधी हरवलंय." त्यानंच एक बोळ दाखवला. चारचाकी शिरत नाही असा, पण सायकल जाते. नकाशाच्या ॲपला त्या बोळाचा पत्ता नव्हता. मला तो इस्त्रीवाल्याकडून कळला. तिथून गल्ल्यागल्ल्यांतून कर्वे रस्ता एकदाच ओलांडायचा, तोही सिग्नलवर, आडवा. मग कर्वेनगर. आणि तिथे पुन्हा पाटी: कॅनॉल रोड! रूममेटनं भर रस्त्यात आरोळी ठोकली. भाजीवाल्या मावशी दचकल्या.

तिथून वारज्यापर्यंत मग काही प्रश्न नव्हता. वस्ती दाट, शाळेची पोरं, पाण्याचे टँकर, सगळं आहे. ही काही बाग नव्हे. पण वेग सगळ्यांचाच कमी, आणि बस नाही. घरापासून दुकानापर्यंत जाणारी माणसं आणि त्यांच्यात आपण. वारज्याच्या पुढे एनडीए रस्त्याचा तुकडा मात्र आहे तसाच आहे, तिथे गुमान डावी बाजू धरून जायचं. एकूण अंतर कर्वे रस्त्यापेक्षा दीडेक किलोमीटर जास्त. वेळ कर्वे रस्त्यानं पंचावन्न मिनिटं, कधी सत्तर. इकडून बावन्न, आणि रोज बावन्न. मला त्या 'रोज'चं अप्रूप जास्त. आठ दहाच्या गेटला सरासरी चालत नाही.

सोमवारी पोचलो तेव्हा शर्ट घातला तसाच होता. फिटरकाकांनी लेथवरून मान वर केली.

"आलास?"

"आलो. मधे एके ठिकाणी भिंत आहे."

"भिंत?" त्यांनी हातातला कॉटन वेस्ट खाली ठेवला. "कुठं?"

मी सांगितलं. मग रोज चहाच्या वेळी ते एकेक विचारायला लागले. अमक्या वळणावर चिंच होती, आहे का? दगडी मोरी दिसते का अजून? कडेला कपडे धुवायचा कट्टा? ते हिंगण्याचेच, बालपण सगळं त्या काठावर गेलेलं. मागची पाच-सहा वर्षं गुडघ्यामुळे सायकल बंद, मुलगा गाडीवर सोडतो, तो मोठ्या रस्त्यानं. मी येताना बघून यायचो आणि सांगायचो. चिंच आहे. मोरी बहुतेक रस्त्याखाली गेली. कट्टा सापडला नाही. "सापडला नाही" म्हटलं की ते खूण बदलून परत सांगायचे, जणू चूक त्यांच्या पत्त्यात होती.

गणपतीला घरी गेलो. अण्णांनी पतसंस्थेचा फॉर्म टेबलावर काढूनच ठेवला होता. मी टोपोशीटवरून ट्रेस केलेला कागद त्याच्या शेजारी ठेवला आणि निळ्या पेननं काढलेली रेषा दाखवली. अण्णांनी चष्मा लावून ती बोटानं शेवटपर्यंत नेली. मग विचारलं, "बस किती ठिकाणी आडवी येती?"

"एका."

"आणि पाऊस?"

"कालवा टेकडीच्या बाजूला आहे, अण्णा. नदी खाली राहते."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. फॉर्म घडी करून गिरणीच्या वहीत ठेवला, फाडला नाही. दसऱ्याला नवी मोटार बसली. ओलं पोतं अजून खिळ्याला टांगलेलं आहे, ते काढायला अण्णा तयार नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी माझी इंटर्नशिप संपली. संध्याकाळी गेटाबाहेर आलो तर फिटरकाका काळी, दांडीची सायकल घेऊन उभे. चाकांत हवा नुकतीच भरलेली दिसत होती. "कर्वेनगरपर्यंत येतो," म्हणाले. वारज्यापर्यंत ते सायकल हातात धरून चालले आणि कॅनॉल लागला तसे चढून बसले. मी मागे. गुडघा दुखत असणारच, पण पायडल फिरत होतं. सपाटच ना सगळं.

चिंचेच्या थोडं पुढे त्यांनी एक पाय टेकवला. तिथे एक पांढरी गाडी कव्हर घालून उभी होती. त्या गाडीकडे बोट करून म्हणाले, "हितनं उडी मारायचो."

मग घंटी वाजवली, समोर कोणी नव्हतं तरी, आणि घराच्या गल्लीत वळले.